बल, गती, कार्य, शक्ती: सूत्रं पाठ आहेत, पण गणित सुटत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: नववी ते अकरावीची बल, गती, कार्य आणि शक्तीची सूत्रं तोंडपाठ आहेत, पण लिफ्ट, उतार, घर्षण किंवा पंपाचं गणित आलं की कोणतं सूत्र कुठे लावायचं तेच सुचत नाही. उत्तर कधी दुप्पट येतं, कधी चिन्ह उलटं पडतं.

अडचण सूत्रांची नाही, क्रमाची आहे. प्रश्नातले आकडे उचलायचे आणि ते ज्या सूत्रात बसतील ते शोधायचं, ही सवय नववीत चालून जाते, कारण तिथे बहुतेक गणितांत एकच सूत्र लागतं. पुढे ती साफ आडवी येते. आधी वस्तू ठरवा, मग तिच्यावरची बलं, मग दिशा आणि चिन्हं. सूत्राची पाळी सगळ्यात शेवटी.

ज्या वस्तूबद्दल विचारलंय ती एकटीच कागदावर काढा. चौकोन पुरे. आता दोनच गोष्टी बघायच्या. एक, पृथ्वी तिला खाली ओढते: वस्तुमान गुणिले ९.८. दोन, तिला काय टेकलंय किंवा बांधलंय: जमीन, दोरी, हात, हवा. प्रत्येक स्पर्शामागे एक बल. पृष्ठभाग खडबडीत असेल तर दोन, एक पृष्ठभागाला काटकोनात (लंब प्रतिक्रिया) आणि एक पृष्ठभागालगत (घर्षण). शाळेच्या यांत्रिकीत यापलीकडे काही नसतं. क्लासमध्ये यालाच एफबीडी (फ्री बॉडी डायग्रॅम) म्हणतात. काढलेल्या प्रत्येक बाणाला एक प्रश्न विचारायचा: हे बल लावतंय कोण? नाव सांगता आलं नाही तर बाण खोडायचा.

वर फेकलेल्या चेंडूवर ‘वर नेणारं बल’ दाखवणारे पुष्कळ. हातातून चेंडू सुटल्यावर असं बल लावायला कोणी उरलेलंच नसतं. वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना, हवेचा रोध सोडला तर, तिन्ही ठिकाणी एकच बल आणि एकच त्वरण: ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. माथ्यावर वेग शून्य होतो, त्वरण नाही. दुसरी ठरलेली चूक टेबलावरच्या पुस्तकाची. पुस्तकाचं वजन आणि टेबलाची लंब प्रतिक्रिया ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं.

बलं काढून झाली की त्वरण ज्या दिशेला आहे ती धन धरा. वेगाची दिशा नव्हे, त्वरणाची. लिफ्टच्या गणितात सगळा घोळ इथेच होतो. ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा आहे आणि लिफ्ट १.२ च्या त्वरणाने वर निघाली. काटा दाखवतो ती लंब प्रतिक्रिया. लंब प्रतिक्रिया वजा ५८८ बरोबर ६० गुणिले १.२, म्हणजे प्रतिक्रिया ६६० न्यूटन, काट्यावर ६७.३ किलो. आता तीच लिफ्ट वरच चालली आहे, पण मजला जवळ आल्यामुळे १.२ नेच मंदावते आहे. वेग वर, त्वरण खाली. ५८८ वजा प्रतिक्रिया बरोबर ७२, म्हणून ५१६ न्यूटन, काट्यावर ५२.७ किलो. दोन्ही वेळा लिफ्ट वर जाते आहे, तरी एकदा वजन वाढतं, एकदा घटतं. ‘वर म्हणजे अधिक, खाली म्हणजे उणे’ असं पाठ केलेल्याचं दुसरं उत्तर हमखास चुकतं. लिफ्ट एकसमान वेगाने चालली असेल तर काटा ६० च दाखवेल, वेग कितीही असो.

घर्षणावर जरा थांबू, कारण इथे चुका नुसत्या आकडेमोडीच्या नसतात. घर्षण गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया हे सूत्र स्थैतिक घर्षणाची (वस्तू हलण्याआधीच्या घर्षणाची) कमाल मर्यादा सांगतं, प्रत्यक्ष घर्षण नव्हे. फरशीवर ५० किलोचं खोकं आहे. स्थैतिक गुणांक ०.४, गतिक ०.३. वजन ४९० न्यूटन, म्हणून स्थैतिक घर्षणाची कमाल १९६ न्यूटन. तुम्ही १५० न्यूटनने आडवं ढकलताय. घर्षण किती? १५० न्यूटन. लागेल तेवढंच. १९६ लिहिलं तर निव्वळ बल ४६ न्यूटन मागच्या बाजूला निघेल, म्हणजे पुढे ढकललेलं खोकं तुमच्याच अंगावर यायला हवं. आता २२० न्यूटन लावा. १९६ ची मर्यादा ओलांडली, खोकं सुटलं, आणि सुटल्या क्षणापासून गतिक घर्षण लागू: ०.३ गुणिले ४९० म्हणजे १४७ न्यूटन. निव्वळ ७३, त्वरण १.४६. आधी ‘हलतंय का?’ तपासायचं, मगच त्वरण काढायचं. ही पायरी गाळून थेट त्वरण काढलं तर उत्तर बरोबर आलं तरी ते नशिबाने.

दुसरी गोष्ट, लंब प्रतिक्रिया म्हणजे दर वेळी वजन नव्हे. त्याच खोक्याला दोरी बांधून आडव्याशी ३० अंशांत २०० न्यूटनने वर ओढा. आडवा घटक १७३ न्यूटन, उभा घटक १०० न्यूटन. दोरीनेच १०० न्यूटनचा भार उचलला, म्हणून जमिनीची प्रतिक्रिया ३९०. कमाल स्थैतिक घर्षण १५६. १७३ त्याहून जास्त, खोकं हललं. गतिक घर्षण ११७, त्वरण १.१२. तेच २०० न्यूटन मागून, ३० अंश खाली झुकवून ढकला. आडवा घटक तोच १७३, पण आता प्रतिक्रिया ५९० आणि कमाल घर्षण २३६. खोकं जागचं हलत नाही. जड वस्तू ढकलण्यापेक्षा दोरीने ओढायला सोपी पडते ती यामुळे. हे गणित एकदा हाताने करून बघा. ‘लंब प्रतिक्रिया बरोबर वजन’ लिहिण्याआधी हात आपोआप थांबेल.

उतारावर अक्ष फिरवा: एक उतारालगत, एक उताराला काटकोनात. साइन कुठे आणि कॉस कुठे हे पाठ करू नका, कोन शून्य करून बघा. उतार सपाट झाला तर उतारालगत ओढ शून्य व्हायला हवी. साइन शून्याची किंमत शून्य, म्हणून उतारालगत साइन. २० किलोचा ठोकळा, ३० अंशांचा उतार, गुणांक वरचेच. वजन १९६ न्यूटन. उतारालगत ९८, काटकोनात १६९.७. कमाल स्थैतिक घर्षण ६७.९, ते ९८ पेक्षा कमी, म्हणून ठोकळा घसरणार. घसरताना घर्षण ५०.९, त्वरण २.३६ खाली. आता तोच ठोकळा ५ मीटर प्रति सेकंद वेगाने उतारावर वर सोडा. वर जाताना घर्षणही खालीच असतं, म्हणून ऋण त्वरण ९८ आणि ५०.९ यांची बेरीज भागिले २०, म्हणजे ७.४५. तो २५ भागिले १४.९, म्हणजे १.६८ मीटर चढून थांबेल आणि परत येताना पायथ्याशी त्याचा वेग २.८१ असेल, ५ नव्हे. वर जाण्याचं आणि खाली येण्याचं गणित दोन तुकड्यांतच करावं लागतं, कारण गतीची दिशा बदलली की घर्षणाची दिशा बदलते. एकाच समीकरणात दोन्ही कोंबलं की उत्तर येतं, पण खोटं.

कप्पीवरून लटकलेल्या दोन वजनांचं गणित त्या मानाने सरळ. ५ आणि ३ किलो: त्वरण २ भागिले ८ गुणिले ९.८, म्हणजे २.४५, दोरीतला ताण ३६.७५ न्यूटन. फक्त ताण म्हणजे लटकलेलं वजन असं समजू नका. तो दोन वजनांच्या (२९.४ आणि ४९) मधेच कुठेतरी आला पाहिजे. बाहेर गेला तर चिन्ह चुकलंय.

गतीच्या तीन समीकरणांत पाच राशी असतात: सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, वेळ, विस्थापन. प्रश्नात बहुधा तीन दिलेल्या असतात आणि एक विचारलेली. ज्या पाचवीचा उल्लेखच नाही, ती ज्या समीकरणात नाही ते उचला. बहुतेक वेळा एवढं पुरतं. दोन अटी मात्र विसरायच्या नाहीत: त्वरण स्थिर असायला हवं, आणि सगळे वेग मीटर प्रति सेकंदात. किलोमीटर प्रति तासाला ५ भागिले १८ ने गुणलं की झालं. ७२ चे २०, ९० चे २५, १०८ चे ३० हे तर डोक्यातच असावेत.

ब्रेकचं गणित घेऊ. गाडी ७२ च्या वेगात आहे, चाकं आणि रस्ता यांमधला गुणांक ०.७. ऋण त्वरण ६.८६, थांबायचं अंतर ४०० भागिले १३.७२, म्हणजे २९ मीटर. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ धरला तर ५१ मीटर. वेग दीडपट, म्हणजे १०८ केला तर कोरड्या रस्त्यावरही ६५.६ मीटर, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला तर ७२ च्या वेगात आणखी २० मीटर आधीच गेले. तेवढा भाग एकसमान वेगाने मोजायचा. गाडीचं वस्तुमान या उत्तरात कुठेच येत नाही. प्रश्नात ते दिलेलं असलं तरी वापरलंच पाहिजे असं नाही, पेपर काढणारे मुद्दाम देतात.

आता खरा सापळा: ‘ब्रेक लावल्यानंतर ५ सेकंदांत गाडी किती अंतर जाईल?’ समीकरणात सरळ ५ घातले तर १०० वजा ८५.७५, म्हणजे १४.२५ मीटर. उत्तर दिसायला नीटनेटकं आणि संपूर्ण चूक. गाडी २.९ सेकंदांतच थांबली, पुढच्या २.१ सेकंदांत समीकरणाने तिला मागे पळवलं. ब्रेक गाडीला मागे नेत नाही. ऋण त्वरणाच्या गणितात आधी थांबायला लागणारी वेळ काढा, मग विचारलेल्या वेळेशी ताडून पाहा. बरोबर उत्तर २९ मीटर.

रीत कोणती, बलाची की ऊर्जेची? प्रश्नात वेळ किंवा त्वरण असेल तर बल आणि गतीची समीकरणं. नुसतं अंतर, उंची आणि वेग असतील आणि वेळेचं नाव नसेल तर ऊर्जा. वरचं ब्रेकचं गणित ऊर्जेने एका ओळीत सुटतं: घर्षणाचं कार्य बरोबर गेलेली गतिज ऊर्जा. वळणदार घसरगुंडीवर त्वरण क्षणोक्षणी बदलतं, तिथे गतीची समीकरणं चालतच नाहीत. घर्षण नसेल तर ऊर्जेला वाटेच्या आकाराशी देणंघेणं नसतं.

कार्य काढताना ‘कोणत्या बलाने केलेलं’ हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. लंब प्रतिक्रियेचं कार्य स्थिर पृष्ठभागावर शून्य, घसरत्या ठोकळ्यावर जमिनीच्या घर्षणाचं ऋण, वर उचलताना गुरुत्वाचं ऋण. सगळ्यांची बेरीज म्हणजे गतिज ऊर्जेतला बदल. विहिरीतून १२ किलोची भरलेली बादली १५ मीटर सावकाश शेंदली तर हाताने १७६४ ज्यूल कार्य केलं. दोरखंड मीटरला २०० ग्रॅमचा असेल तर १५ मीटर म्हणजे ३ किलो. त्याचं कार्य मात्र १५ मीटरने गुणायचं नाही. दोराचा वरचा भाग जवळजवळ उचललाच जात नाही, खालचा पूर्ण उचलला जातो, म्हणून सरासरी साडेसात मीटर: २२०.५ ज्यूल. एकूण १९८४.५. डोक्यावर पाटी घेऊन सपाट रस्त्याने एकसमान वेगात चालणाऱ्याचं पाटीवरचं कार्य शून्य, हे उत्तर अनेकांच्या पचनी पडत नाही. थकवा खरा आहे, पण तो स्नायूंच्या आत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा. पाटीची ऊर्जा वाढलेली नाही.

शक्तीत दुप्पट उत्तर येतं ते असं. १००० किलोची गाडी स्थिर त्वरणाने १० सेकंदांत शून्यापासून २० मीटर प्रति सेकंदावर गेली. गतिज ऊर्जा २ लाख ज्यूल, भागिले १०, सरासरी शक्ती २० किलोवॅट. बल गुणिले वेग केलं तर २००० गुणिले २०, म्हणजे ४० किलोवॅट. दोन्ही बरोबर, दुसरी शेवटच्या क्षणाची आहे. प्रश्नात सरासरी विचारली आहे की त्या क्षणाची, ते वाचा. आणि किलोवॅट म्हणजे शक्ती, किलोवॅट-तास म्हणजे ऊर्जा. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

पंपाची गणितं परीक्षेत येतात आणि शेतावरही. ५ एचपीची (अश्वशक्तीची) मोटर; पाटीवर शेजारीच ३.७ किलोवॅट लिहिलेलं असतं, कारण १ एचपी म्हणजे ७४६ वॅट (गाड्यांच्या माहितीपत्रकातला पीएस थोडा लहान, ७३५.५ वॅट). हा आकडा मोटरच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा असतो, विजेच्या खेचेचा नव्हे. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर वीज ३.७३ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ४.४ किलोवॅट लागते, तासाला ४.४ युनिटं. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर पाण्याला मिळाले १८६५ वॅट. एकूण उंची ३० मीटर असेल तर दर सेकंदाला १८६५ भागिले २९४, म्हणजे ६.३४ लिटर. १०,००० लिटरची टाकी भरायला साधारण २६ मिनिटं.

उंची कुठून मोजायची यात बरेच जण फसतात. पाणबुडी (सबमर्सिबल) मोटर पाण्यात कितीही खाली सोडली तरी उंची पाण्याच्या पातळीपासून पाणी पडतं त्या तोंडापर्यंतच, कारण पातळीच्या खाली पाइपबाहेरचं पाणीच आतल्या पाण्याला दाब देत असतं. उन्हाळ्यात पातळी दहा मीटर उतरली की उंची दहा मीटरने वाढली, मोटर तीच राहून पाणी कमी झालं. लांब किंवा बारीक पाइपमधला घर्षणाचा तोटाही मीटरमध्ये मोजून याच उंचीत मिळवतात. प्रश्नात तो दिला नसेल तर सोडून द्या.

शेवटचं गणित मोठं घेऊ, ज्यात बल, शक्ती आणि घर्षण एकत्र येतात. कर्जत ते लोणावळा, बोर घाट. रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चाललं की १ मीटर वर. साइनची किंमत १ भागिले ३७. इथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. का, ते काढू. गाडी १२०० टनांची धरू, पुढचं विजेचं इंजिन १२३ टनांचं, सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीचं. एकूण १३२३ टन. चढाची ओढ १३,२३,००० गुणिले ९.८ भागिले ३७, म्हणजे ३.५ लाख न्यूटन. रुळांवरचा रोध टनामागे २० न्यूटन धरला तर आणखी २६ हजार, एकूण ३.७७ लाख. ताशी ४० किलोमीटरने चढायला लागणारी शक्ती ३.७७ लाख गुणिले ११.१, म्हणजे सुमारे ४२०० किलोवॅट, ५६०० एचपी. शक्ती तर इंजिनात आहे!

अडतं ते पकडीवर. इंजिन रुळाला जास्तीत जास्त किती ढकलू शकतं ते चाक आणि रूळ यांच्यातलं घर्षण ठरवतं. गुणांक ०.२५ धरला तर १,२३,००० गुणिले ९.८ गुणिले ०.२५, म्हणजे ३.०१ लाख. हवेत ३.७७. चाकं जागच्या जागी फिरतील, गाडी चढणार नाही. तेवढ्याच वजनाचा एक बँकर लावला तर एकूण १४४६ टन, गरज ४.१२ लाख, पकड ६.०३ लाख. जमलं. पण पावसात रूळ ओले होऊन गुणांक ०.१५ वर आला तर दोन इंजिनांची पकड ३.६२ लाख, पुन्हा अपुरी. दुसरा बँकर लावला की गरज ४.४७ लाख आणि पकड ५.४२ लाख. गुणांकांचे हे आकडे गणितापुरते धरलेले आहेत, पण तर्क हाच.

या गणितात अख्खी गाडी ही एक वस्तू धरली, म्हणून डब्यांमधल्या जोडणीचं बल कुठेच दिसलं नाही. ते आतलं बल. पुढच्या जोडणीवरचा ताण विचारला असेल तर वस्तू बदला: फक्त पुढचं इंजिन. पावसात ते आपल्या मर्यादेपर्यंत, १.८१ लाख न्यूटनने ओढतंय आणि गाडी एकसमान वेगाने चढते आहे असं धरू. त्यातले ३५ हजार त्याचंच वजन चढवण्यात आणि रोधात जातात, उरलेले १.४६ लाख म्हणजे जोडणीवरचा ताण. तोच भार एकट्या पुढच्या इंजिनाने ओढला असता तर त्या जोडणीवर ३.४२ लाख न्यूटन आले असते.